तळापर्यंत हात

आभाळ राखेनं घासून ठेवलेल्या भांड्यासारखं होतं. चमक नाही, काळोखही नाही. वारा पडलेला. शाल काढावी तर अंगावर काटा, ठेवावी तर घाम, अशी ती सकाळ. झाकणबाईला असं हवामान मानवायचं. ऊन नसलं की माणसं उशिरा उठतात, आणि माणसं नीट जागी व्हायच्या आत त्यांच्या दारात उभं राहणं हेच तिचं काम होतं.

बालकल्याण कार्यालयात ती गृहभेटीला होती. शाळेतून नाहीतर दवाखान्यातून तक्रार आली, की अमक्या घरचं पोर उपाशी दिसतं, की ही निघायची. घर बघायची आणि येऊन शेरा द्यायची. त्या शेऱ्यावर ठरायचं, पोर आईबापाजवळ राहणार की बालगृहात जाणार. आणि घर बघायचं म्हणजे डबे बघायचे. तांदळाचा, पिठाचा, डाळीचा. झाकण उघडून ती हात थेट आत घालायची. म्हणून गल्ल्यांनी तिला हे नाव दिलं होतं. एका टोकाला कुणी "झाकणबाई आली" म्हटलं, की दुसऱ्या टोकापर्यंत फळ्यांवरचे डबे हलल्याचे आवाज यायचे. नाव तिच्या कानावर होतं. राग नव्हता, उलट जरा तोराच होता.

त्या सकाळी सोबत नवी होती. शिक्षण संपवून नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी. सगळे तिला नवीच म्हणत.

"वरचा थर बघून भुलायचं नाही," झाकणबाई चालता चालता सांगत होती. "कोपर बुडेपर्यंत हात घालायचा. वरचे तांदूळ आपल्यासाठी असतात. पोरांच्या वाट्याला येतो तो तळ."

"आणि हात घालू दिला नाही तर?"

"तर मग बघायलाच नको. तिथंच शेरा."

घर गवंड्याचं होतं. परांचीवरून पडून पाय प्लास्टरात गेलेला गवंडी खाटेवर, आणि बायको दोन घरची भांडी घासून आलेली, हात अजून ओले. दोन पोरं अंथरुणातच होती. झाकणबाईनं तांदळाचा डबा खाली घेतला. काठोकाठ भरलेला. तिनं बाही सारली आणि हात आत घातला. मनगटाच्या वरही गेला नाही. खाली वर्तमानपत्राचे बोळे.

"हे काय बाई?"

"उंदीर लागतात," गवंड्याची बायको म्हणाली. "म्हणून खाली कागद."

"उंदीर खालून खातात होय? नवलाचे दिसतात तुमचे उंदीर."

गवंड्यानं तोंड भिंतीकडे केलं. बायको जवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "वरचे शेजारणीचे आहेत. तुम्ही येणार असं कळलं, घाबरले. तिसरं काम मिळतंय मला. एवढा आठवडा जाऊ द्या."

"मी घर बघायला आलेय. वायदे ऐकायला नाही."

बाहेर पडल्यावर नवी गल्लीच्या तोंडाशी थांबली. मग म्हणाली, "मावशी, पोरं स्वच्छ होती. मारल्याचं, टाकल्याचं काही नाही. नुसतं धान्य कमी आहे. मग धान्यच दिलं तर?"

"आपण काय दुकान टाकलंय? आणि जिचा डबा खोटा तिचं बाकी काय खरं मानायचं?"

हे ती वाईटपणानं म्हणत नव्हती. बालगृहात दोन्ही वेळा ताट भरून मिळतं हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि स्वतःच्या लहानपणी तेवढं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी आली. धाकटीनं चपला उलट्या पायांत घातल्या होत्या, आणि त्या सरळ करायला आई वाकली ती गाडी हलेपर्यंत उठलीच नाही. झाकणबाई तेव्हा पलीकडच्या गल्लीत होती. हे तिला नवीनं सांगितलं, आणि ती म्हणाली, "होतं तसं. पहिले काही दिवस रडतात, मग रुळतात."

त्याच सुमारास कार्यालयात एका नव्या नियमाच्या मसुद्याची कुजबुज सुरू झाली. वरून आला होता. त्यात म्हटलं होतं, नुसत्या गरिबीपायी पोर घरातून उचलायचं नाही. आधी त्या घराला धान्य द्यायचं, आईला काम बघायचं, महिनोन्महिने पाठीशी राहायचं. पोराच्या जिवाला धोका असेल तरच बालगृह. आणि डब्यांची झडती बंद. अधिकारी बाईंना मसुदा पसंत नव्हता. त्यांचं कार्यालय शिस्तीचं म्हणून नावाजलेलं होतं, आणि ती शिस्त म्हणजे मुख्यतः झाकणबाईचा हात. मतं ऐकायला वरची मंडळी येणार होती. "बाई, तुम्ही बोलायचं," अधिकारी बाईंनी सांगून ठेवलं. झाकणबाईनं मान डोलावली होती. काय बोलायचं हे तिला विचार न करताही सुचत होतं.

बैठक तोंडावर आली असताना एका दुपारी शिपाई चहा ठेवताना तिच्या कानाशी वाकला.

"बाई, उद्याच्या फेरीत तुमच्या लेकीचं घर आहे. शाळेतून आलंय. नवीकडे दिलंय. मी काही बोललो नाही."

"माझ्या लेकीचं? चुकलं असेल कुणाचं तरी."

"चुकलं असेल," शिपाई म्हणाला, आणि बशी पुसायला लागला.

संध्याकाळी ती लेकीकडे गेली. लेक शिवणकारखान्यात होती. जावई ट्रक चालवायचा. दुसऱ्या शहरात मोठ्या गाडीवर लागलाय, बरं चाललंय, असं लेक सांगायची. झाकणबाई रविवारी जेवायला जायची तेव्हा भात, डाळ, भाजी सगळं असायचं.

दार नातीनं उघडलं. "आजी, आज रविवार आहे?"

आतून लेक आली. गालाची हाडं वर आलेली. ती काही आज वर आली नव्हती, पण आज दिसली. "आई, अशी कशी? कळवायचं तरी."

"मी कळवून जाते का कुठं?" झाकणबाई थट्टेनं म्हणाली. कुणी हसलं नाही. तिची नजर आपोआप फळीवर गेली, आणि पाय नजरेमागून. पहिला डबा रिकामा. दुसऱ्यात पिठाची भुकटी, बोटाला चिकटेल एवढीच. तिसरा तिनं उचलला तो हाताला इतका हलका लागला की उघडायची गरज उरली नाही.

"झालं समाधान?" लेक म्हणाली.

"अगं, मला सांगायचं नाहीस?"

"कुणाला? तुला?" लेक भांडत नव्हती, दमून बोलत होती. "सगळ्या गल्ल्या जिला टरकतात ती माझी आई. तुला सांगितलं असतं तर तू आधी आजी झाली असतीस की आधी झाकणबाई, ते मला ठरवता येईना."

"आणि रविवारचं जेवण?"

"शेजारच्या वहिनींकडून आणायचे. उरलेलं परत द्यायचे. तू बसून जेवायचीस तेवढा वेळ घरात भात असायचा."

झाकणबाई खाटेवर बसली. ते सगळे रविवार तिनं दुसऱ्यांदा भात मागून घेतला होता. तो कुणाच्या पातेल्यातला होता हे आता कळत होतं.

पण काम करणाऱ्या माणसाचे हात आधी चालतात. उद्या सकाळी नवी येणार. दुकानांचा सुट्टीचा वार होता. ती तशीच घरी गेली, स्वतःचा तांदूळ पिशवीत घालून आली आणि लेकीच्या डब्यात ओतला. एकटीचं घर ते, तांदूळ कितीसा असणार? तळ झाकला, बाकी डबा रिकामा. तिथं थांबली असती तर काही बिघडलं नसतं. नातीला दोन दिवस पुरले असते, आणि खोटंही काही नव्हतं. पण तळाशी गेलेल्या डब्याला काय शेरा पडतो हे तिच्याइतकं कुणाला पाठ नव्हतं. तो तिनंच आजवर दिला होता. तिनं तांदूळ परत पिशवीत काढले. खुंटीवरचा नातीचा फ्रॉक घेतला, घडी करून तळाशी दाबला, त्यावर दोन जुनी फडकी, आणि वरून तांदूळ. तळहातानं सपाट केले. मग मधोमध वाटीचा खळगा पाडला, रोजच्या वापरातला डबा दिसावा म्हणून. असा खळगा पाडणाऱ्या बायकांना ती बेरकी म्हणत आली होती.

लेक दाराला टेकून बघत होती. "आई," ती म्हणाली, "केवढं छान जमतं गं तुला."

रात्री ती तिथंच राहिली. सकाळी नवी दारात उभी राहिली आणि तिला बघून चपला काढता काढता थांबली.

"मावशी, तुम्ही इथं?"

"माझ्या लेकीचं घर आहे. येऊ नये का?"

"तसं नाही. पण भेटीच्या वेळी नातलगांनी..." पुढचं तिनं गिळलं. तो नियमही तिला झाकणबाईनंच शिकवला होता.

झाकणबाई जागची हलली नाही. नवीनं डबा खाली घेतला, झाकण काढलं, बाही सारली. आयुष्यभर शिकवत आलेल्या बाईनं त्या घटकेला मनोमन एकच मागितलं, की या पोरीनं आपलं शिकवणं विसरावं. पोरगी हुशार होती. हात मनगटापर्यंत गेला आणि थांबला.

"तो माझा फ्रॉक आहे," नात म्हणाली. "आजीनं काल आत ठेवला. मला आज घालायचा होता."

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं म्हणतात ना, तेही झाकणबाईच्या मनात आलं नाही; तिला फक्त आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना. मांडीवर ठेवले, मग शालीखाली घेतले. कानांच्या पाळ्या तापल्या. नवीनं फ्रॉक बाहेर काढला, डब्यावर धरून झटकला, घडीतले दाणे बोटांनी काढून डब्यात टाकले आणि तो नातीला दिला. "घे, घाल."

मग ती पोरगी सरळ जमिनीवर मांडी घालून बसली. "ताई, घरात काय काय कमी पडतंय? सगळं सांगा. मला घाई नाही."

हा प्रश्न झाकणबाईनं इतक्या वर्षांत कुणाला विचारला नव्हता. आणि लेक बोलायला लागली. नवऱ्याचा फोन लागत नाही. कारखान्यात निम्मंच काम उरलंय. "पोरगी वर्गात डोकं टेकून बसते म्हणतात, बसणारच. संध्याकाळी उजेड असतानाच तिला झोपवते मी, भूक जागी व्हायच्या आत. मग ती पहाटेच उठून बसते आणि छताकडे बघत राहते." हे सगळं ती एका परक्या पोरीला सांगत होती, आणि आई हातभर अंतरावर खाटेवर बसून ऐकत होती. एकदाही लेकीनं तिच्याकडे बघितलं नाही.

गल्लीत आल्यावर झाकणबाईनं विचारलं, "काय लिहिणार आहेस?"

"जे पाहिलं ते."

"फ्रॉकचं पण?"

"मावशी, तुम्हीच सांगा काय करू."

लिहू नको म्हणायला जीभ रेटेना, लिही म्हणायला छाती होईना. जुना नियम अजून चालू होता. खोटा डबा म्हणजे पोर उचलायचं. "उशीर होतोय, चल," एवढंच ती म्हणाली. ते तिला पुढं कितीतरी दिवस टोचत राहिलं.

नवीनं लिहिलं. अधिकारी बाईंनी झाकणबाईला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"या पोरीला व्यवहार कळत नाही. तुमच्या घरचं आहे बाई, आपण काय बघत बसणार? ती फ्रॉकची ओळ मीच काढून टाकते. तुमची नात कुठं जात नाही. फक्त बैठकीत तुम्ही ठाम बोला. डबे बघणं थांबलं की पोरं उपाशी मरतील, असं तुमच्यासारख्या जुन्या माणसानं सांगितलं की वरचे ऐकतात."

"तेवढं बघा बाईसाहेब," झाकणबाई म्हणाली. म्हणाली ती अशा आवाजात, की तो आवाज तिच्या ओळखीचा निघाला. 'एवढा आठवडा जाऊ द्या' म्हणणाऱ्या बायकांचा होता तो. फरक एवढाच की तिचं ऐकलं गेलं.

बैठकीला वरची मंडळी आली. पोरं गेलेल्या घरांचंही ऐकायचं अशी मसुद्यातच अट होती म्हणून मागच्या बाकांवर काही आयाही बसवल्या होत्या. त्यांत गवंड्याची बायको होती. चांगले कपडे घालून आली होती, आणि मांडीवर एक पिशवी घट्ट धरून बसली होती. तीतून पोरांचे कपडे डोकावत होते. पोरं आजच परत मिळतील असं तिला कुणीतरी सांगितलं असावं, किंवा कुणी न सांगता तीच धरून चालली असावी.

"आमच्या सगळ्यात अनुभवी कार्यकर्त्या," म्हणून अधिकारी बाईंनी ओळख करून दिली. झाकणबाई उठली. बोलायचं ठरलेलं होतं. "डबा बघितल्याशिवाय..." तिनं सुरुवात केली आणि थांबली. शिपायानं पाणी पुढं केलं. ते तिनं घेतलं नाही.

"गेल्या आठवड्यात माझ्या लेकीच्या घरी तांदळाच्या डब्यातून फ्रॉक निघाला," ती म्हणाली. "तो मी घातला होता. त्या मागं बसल्यात, त्यांच्या डब्यातून कागद निघाले होते. त्यांची दोन पोरं मी नेली. माझी नात घरी आहे. ती का घरी आहे? मी इथं नोकरीला आहे म्हणून. दुसरं काही कारण नाही." मग काय बोलावं ते सुचेना. "लेकीनं मला सांगितलं नव्हतं. मी डबे बघेन म्हणून. त्या नव्या पोरीला सांगितलं, कारण तिनं विचारलं." आणि ती बसली.

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. अधिकारी बाईंचा चेहरा गोरामोरा झाला. वरच्यांपैकी एकानं चष्मा पुसला आणि कसलीतरी नोंद केली. मागून गवंड्याच्या बायकोचा आवाज आला, चढलेला नाही, रोजचाच.

"मग माझी आणा."

आणि ती पिशवी घेऊन उभी राहिली.

फ्रॉकची ओळ अर्थात परत आली आणि नातीचं प्रकरण उघडलं. मसुदा मंजूर व्हायच्या आत जुन्या नियमानं निकाल लागला असता तर पोरगी गेली असती. ते दिवस झाकणबाईनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. लेक रागावली असती तर बरं, पण ती म्हणाली, "बोललीस ते खरं बोललीस. आता तिला नेलं तर मी तुझ्याशी कधी बोलणार नाही, तेही खरं." कार्यालयात तिला फेरी देणं बंद झालं. गल्लीतून जाताना पाठीमागून "फ्रॉकबाई, डब्यात काय गं?" अशी हाक यायची. नाव बदललं होतं. वळून बघायची तिला हिंमत व्हायची नाही. ज्यांच्या दारात ती उन्हं वर यायच्या आत उभी राहायची, त्यांना आता तिच्याकडे निवांत बघायला वेळ होता.

नियम आला. काटछाट होऊन आला, पण आला. लेकीच्या घरी आधी धान्य गेलं, मग कारखान्याच्या मालकाशी बोलून नवीनं तिला पूर्ण दिवसाचं काम मिळवून दिलं. नात घरातच राहिली. झाकणबाईनं तोंड उघडल्यामुळे नियम झाला असं कुणी म्हटलं नाही, आणि तिलाही तसं वाटलं नाही. ती बोलली नसती तरी तो झाला असता, जरा उशिरा. तो वेळेत आला म्हणून नात वाचली, एवढंच.

गवंड्याच्या पोरांना वेळ लागला. आधी गेलेल्या पोरांसाठी वेगळी सुनावणी, वेगळ्या तारखा. झाकणबाई प्रत्येक तारखेला जाऊन बाहेर बसायची, कुणी बोलावलं नव्हतं तरी. शेवटी पोरं सुटली त्या दिवशी ती फाटकाशी होती. धाकटीनं तिला ओळखलं आणि भावाच्या मागं दडली. भावानं दोन्ही हात पसरून तिला झाकलं. तेवढ्याशा पोराचे ते हात बघून झाकणबाई बाजूला झाली, आणि ती माणसं रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली. दार उघडंच होतं. गवंडी काठी घेऊन चालायला लागला होता. तिला बघून त्याची बायको पुढं आली, म्हणाली, "डबे तिकडं आहेत, बघायचे असतील तर," आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. कडी मात्र आतून घातली. तो आवाज झाकणबाईनं उंबऱ्याबाहेर उभं राहून ऐकला.

तिथून ती लेकीकडे आली. लेकीला सुट्टी होती, मोरीत धुण्याचा ढीग होता.

"गेली होतीस?"

"हो."

"बोलली?"

"दार लावलं."

"मग काय, हार घालणार होती तुला?" लेक मोरीतून उठली, कमरेवर हात देऊन पाठ सरळ केली. आईच्या तोंडाकडे तिनं जरा वेळ बघितलं. "पुन्हा जाणार आहेस?"

"जाईन. नाही उघडलं तरी जाईन."

"बरं. तोपर्यंत उभी राहू नकोस अशी. चादर जड झालीय, एकटीला पिळवत नाही. ते टोक धर."

झाकणबाईनं बाह्या वर सारल्या, टोक हाताला गुंडाळलं आणि पीळ घालायला लागली. लेक दुसऱ्या बाजूनं उलटा पीळ घालत होती. पाणी दोघींच्या पायांवर पडत होतं.

"आवळ अजून," लेक म्हणाली.

तिनं आवळलं.